चार बोटं कमी

गावात कुणालाही त्यांचं खरं नाव विचारा, दहातले नऊ जण डोकं खाजवतील. पण नुसतं ‘आलंकाका’ म्हणा, भेटेल तो माणूस तुम्हाला थेट त्यांच्या दारात नेऊन उभा करेल. हे नाव त्यांनी स्वतःच्या घशाने कमावलेलं. सत्तावीस वर्षं गावातल्या कुठल्या ना कुठल्या छपरावरून दिवसातून दोन-चारदा तरी आरोळी यायची, “आलं काऽऽ?” पोरांनी त्यालाच आणखी एक ‘का’ जोडला आणि काका कायमचे आलंकाका झाले.

काकांचा धंदा टीव्हीच्या अँटेना बसवण्याचा. नदीपलीकडच्या टेकडीवर प्रक्षेपणाचा मनोरा आहे, तांबडा-पांढरा, उंचच्या उंच. त्याने हवेत सोडलेलं चित्र छपरावरच्या काड्यांनी पकडायचं आणि तारेने खाली टीव्हीत उतरवायचं, एवढंच काम. एवढंच म्हणायला आपलं काय जातं? भर उन्हात तापलेल्या पत्र्यावर एका पायावर उभं राहून, दातात पाना धरून नट आवळायचा म्हणजे काय असतं ते करणाऱ्यालाच ठाऊक.

अंगाने शिडशिडीत, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी पक्कड आणि रस्त्याने चालताना नजर कायम वर. त्यामुळे ओळखीच्या माणसांना धडकायचे. धडकल्यावर माफी मागतील तर शपथ! “तुमची तिसरी काडी वाकलीय, कावळा बसतो का तिच्यावर?” असं वर विचारायचे. माणसाचा चेहरा विसरतील, छप्पर विसरणार नाहीत. एकदा बाजारात स्वतःच्या व्याह्यांना ओळखलं नाही त्यांनी. व्याही बिचारे हात पुढे करून उभे, आणि हे आपले त्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघतायत. शेवटी काकूंनी कानात सांगितलं, “अहो, कौलारू घर, डाव्या कोपऱ्यात गळती.” मग कुठे काकांचा चेहरा उजळला.

आता, छपरावरून ‘आलं का’ म्हणून नुसतं ओरडून काय उपयोग? खालून उत्तर द्यायला कुणीतरी हवं. ते कुणीतरी म्हणजे काकू. काका वर, काकू खाली. टीव्ही दिसेल आणि आवाजही वर पोचेल अशा बेताने त्या खिडकीत उभ्या राहायच्या. काकांची पद्धत ठरलेली. अँटेनाचं तोंड आधी पार डावीकडे ठेवायचं आणि मग उजवीकडे, मनोऱ्याच्या दिशेने बोट-बोट सरकवत आणायचं. सरकवलं की आरोळी. आरोळी आली की काकूंचं उत्तर.

“नुसत्या मुंग्या!”

“माणूस दिसतोय, पण दोन नाकांचा!”

“आता एकच नाक! तोंड हिरवं पडलंय!”

आणि शेवटी, “आलं! आलं! या खाली!” त्या ‘या खाली’ला एवढी घाई असायची, की घरमालकाला वाटावं, बाई गॅसवर दूध ठेवून आल्यात.

काका तिथल्या तिथे नट आवळून उतरायचे. बायकोच्या शब्दावर एवढा विश्वास. खाली येऊन बघावं तर चित्र बरं असायचं. बरंच, पण अगदी फर्स्टक्लास म्हणावं असं नाही. कोपऱ्यात चार-दोन मुंग्या फिरत असायच्याच. “मघाशी गेल्या होत्या हो,” काकू म्हणायच्या, चेहरा असा निरागस की विचारू नका. मग काका पिशवीत हात घालून बूस्टर काढायचे. बूस्टर म्हणजे काडेपेटीहून जराशी मोठी डबी. तारेतून येणारा सिग्नल अशक्त असेल तर त्याला जोर देते. ती लावली की मुंग्या पळाल्या. असं घरोघर करता करता काकांचा तो दंडकच होऊन बसला. अँटेना तिथे बूस्टर. “असू दे थोडं जास्त, जास्तीने कुणाचं बिघडलंय?” हे त्यांचं पालुपद.

तीन वर्षांपूर्वी मनोऱ्यावरचं जुनं प्रक्षेपण बंद होऊन डिजिटल सुरू झालं. त्याचा खाक्याच वेगळा. मुंग्या नाहीत, दोन नाकं नाहीत, हिरवी तोंडं नाहीत. आलं तर आरशासारखं लख्ख, नाहीतर चित्राचे चौकोन-चौकोन होऊन सगळं थिजतं, आणि तेही नसेल तर काळा पडदा नि ‘सिग्नल नाही’. बरं चित्र, बऱ्यापैकी चित्र, चालून जाईल असं चित्र, हा प्रकारच उरला नाही. काकूंची सगळी भाषा एका दिवसात बाद.

त्यातच मुलीने वडिलांना एक मीटर आणून दिला. तळहातावर मावेल एवढा. त्यात दोन पट्ट्या. एक सिग्नलचा जोर दाखवते, दुसरी त्याची शुद्धता. वरच्या वर समजतं, खाली विचारायची गरजच नाही. काकांनी त्या दिवशी मोठ्या मायेने काकूंना सांगितलं, “सत्तावीस वर्षं ओरडलीस. आता बस घरी, आराम कर.”

काकूंनी खिडकीचा पडदा उगाच सारखा केला आणि आत निघून गेल्या. काकांना वाटलं, बायको खूश झाली. नवऱ्यांना काय काय वाटतं, याची यादी करायला बसलं तर कागद पुरायचा नाही!

तर असं सगळं बरं चाललेलं असताना एके दिवशी टीव्हीच्या पडद्यावर खालून एक पट्टी सरकायला लागली. येत्या मंगळवारपासून मनोऱ्याची ताकद दुप्पट होणार, शिवाय चार नव्या वाहिन्या दिसणार. गावात आनंदीआनंद. मंगळवारी सकाळी लोक रिमोट हातात घेऊन तयारच बसले होते. नऊ वाजता मनोऱ्याने ताकद वाढवली, आणि घराघरातल्या टीव्हीवर चौकोन नाचायला लागले. बातम्या देणाऱ्या बाईंचा डोळा कपाळावर गेला, हनुवटी खांद्यावर आली. दहा वाजेपर्यंत निम्म्या गावात काळा पडदा.

आलंकाकांचा फोन जो वाजायला लागला तो थांबेचना. त्यांनी मधल्या मध्ये मनोऱ्यावरच्या ऑफिसात फोन लावला. तिथला ड्यूटीवरचा इंजिनियर म्हणाला, “आमच्याकडून सगळं ठणठणीत आहे. उलट पहिल्यापेक्षा जोरात पाठवतोय की!”

“मग जातंय कुठे?” काका म्हणाले.

“ते तुम्ही बघायचं,” इंजिनियर म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

पहिला फोन आला होता निवृत्त नर्सबाईंचा, म्हणून काका आधी तिकडे गेले. काकांनी धंदा सुरू केला त्याच वर्षी बसवलेली ती अँटेना. नर्सबाई एकट्याच राहायच्या. गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे घराबाहेर पडणं बंद, त्यामुळे सोबतीला काय तो टीव्ही. सकाळी व्यायामाचा कार्यक्रम लागला की खुर्चीत बसून हात हलवायच्या, संध्याकाळी बातम्यांतल्या पुढाऱ्यांना फैलावर घ्यायच्या. मंगळवारी सकाळी त्यांचा व्यायामही बुडाला होता आणि त्यामुळे पाराही चढलेला होता.

काका छपरावर चढले. चित्र बिघडलं म्हणजे सिग्नल अशक्त, हे त्यांच्या डोक्यात इतकी वर्षं घट्ट बसलेलं. अशक्ताला काय द्यायचं? जोर. त्यांनी जुन्या बूस्टरपुढे आणखी एक नवा, मोठा बूस्टर जोडला. खाली येऊन बघतात तर मघाशी निदान चौकोन तरी होते, आता तेही गेले. मीटर लावला, तर जोराची पट्टी पार टोकाला टेकलेली आणि शुद्धता शून्य.

“मीटर बिघडला,” काकांनी निकाल दिला.

नर्सबाई खुर्चीतून सगळं बघत होत्या. “मला तुमच्यातलं काही कळत नाही,” त्या म्हणाल्या, “पण ताप चढलेल्या माणसाला तुम्ही आणखी एक पांघरूण घातलंत असं दिसतंय.”

काकांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. कारागिराला गिऱ्हाईकाने शिकवलेलं खपत नाही, आणि गिऱ्हाईक बरोबर असेल तर मुळीच नाही.

“हे बघा आलंकाका,” नर्सबाईंनी स्पष्टच सांगून टाकलं, “शनिवारपर्यंत वाट बघते. रविवारी छत्रीवाला येतोय. आमच्या अख्ख्या गल्लीने त्याला बोलावलंय. तीस वर्षांची ओळख आहे म्हणून शनिवारपर्यंत, नाहीतर आज दुपारीच बोलावला असता.”

छत्रीवाला म्हणजे आकाशातल्या उपग्रहावरून चित्र घेणाऱ्या गोल छत्र्या बसवणारा. त्याची गाडी मंगळवार दुपारपासूनच भोंगा लावून गावात फिरत होती. “मनोऱ्याची कटकट सोडा, थेट आकाशाशी नातं जोडा!” काकांच्या दारासमोर तर मेला मुद्दाम गाडी हळू करायचा.

बुधवारी काकांनी सहा घरं केली, गुरुवारी पाच. अकराच्या अकरा ठिकाणी बूस्टर वाढवले आणि अकराच्या अकरा ठिकाणी होतं नव्हतं ते चित्र घालवून आले. लोक तोंडावर काही बोलत नव्हते. एक बाई तर चहा पुढे करून म्हणाल्या, “काका, तुम्ही दमलात हो आता.” शिवी दिली असती तरी चाललं असतं, पण हे लागलं. नर्सबाईंची गल्ली रविवारी छत्रीकडे गेली की मागोमाग गाव जाणार, शिडी विकायला काढावी लागणार, हे काकांना दिसत होतंच. पण आतून पोखरत होती ती भीती वेगळी होती. आपला हात गेला की काय? तीस वर्षं ज्या हाताला गावाने मानलं, त्या हाताला आता काही येईनासं झालं की काय? घरात जेवताना ते घास हातात धरून छताकडे बघत बसायचे. काकू समोर बसून बघत होत्या, पण काका विचारल्याशिवाय काही सांगत नसत आणि काकूंनी तीन वर्षांत धंद्यातलं काही विचारायचं सोडलेलं होतं.

शुक्रवारी सकाळी दाढी करता करता काकांच्या मनात आलं, कुणाकुणाचा फोन आला ते आपण रोज मोजतोय, पण कुणाचा आला नाही? आणि हात तिथेच थांबला. शिंप्याचा आला नव्हता! चौकातला शिंपी म्हणजे तक्रारीचं आगर. वीज गेली तर तक्रार, आली तर एवढी का आली म्हणून तक्रार. तो चार दिवस गप्प?

अर्ध्या दाढीचा साबण कसाबसा पुसून काका निघाले. दुकानात शिंपी गळ्यात टेप अडकवून मशीनवर बसला होता, आणि कोपऱ्यातल्या टीव्हीवर निळ्याशार पाण्यात मासे पोहत होते. एक-एक खवला मोजून घ्यावा असं चित्र.

“या या आलंकाका!” शिंपी म्हणाला. “झकास दिसतंय हो. या नव्या वाहिनीवर दिवसभर नुसते मासे. त्यांच्यापायी काल मी एका साहेबांच्या पँटीला तिसरा पाय जोडत होतो.”

काकांचं लक्ष माशांवर नव्हतंच. ते टीव्हीच्या मागे वाकून तार चाचपत होते. “बूस्टर कुठाय?”

“तुम्ही कुठे लावलात? गरजच नाही म्हणालात की तेव्हा.”

काका शिडी न मागता मागच्या जिन्याने गच्चीवर गेले. त्यांनीच बसवलेली अँटेना. तिच्या दांडीच्या रेषेत एक डोळा मिटून त्यांनी पाहिलं. टोकाच्या काडीच्या बरोब्बर पुढे, नदीपलीकडे, तांबडा-पांढरा मनोरा. सुताएवढा फरक नाही. त्यांना बरं वाटलं. मग त्यांनी सहज मान वळवली.

शिंप्याची गच्ची चौकात सगळ्यांत उंच. तिथून खालची सगळी छपरं दिसत होती आणि त्यांवरच्या काकांच्या हातच्या, मीटरच्या आधीच्या अँटेनाही, पन्नास-साठ तरी असतील. वर्गातल्या सगळ्या पोरांनी फळा सोडून एकाच खिडकीतून बाहेर बघत बसावं, तशा त्या सगळ्याच्या सगळ्या मनोरा सोडून जराशा डावीकडे बघत होत्या. फार नाही. दांडीचं टोक चार बोटं उजवीकडे सरकवलं असतं तर नीट झालं असतं. पण प्रत्येक ठिकाणी तेच. चार बोटं कमी, आणि कमी ते डावीकडेच. एकेका छपरावर उभं राहून हे कधी ध्यानात आलं नव्हतं. आज सगळ्या एकदम समोर आल्या आणि काका बोटाने एकेक छप्पर मोजत सुटले.

बूस्टरचं कोडं त्यांना तिथेच सुटलं. मनोरा दुप्पट जोराने पाठवतोय, वर आपले बूस्टर त्याला आणखी जोर देतायत. चित्राचा जीव अशक्तपणाने नाही, गुदमरून चाललाय. पांघरूण! नर्सबाई नेमकं तेच म्हणाल्या होत्या. पण या आनंदाला जागाच उरली नव्हती. गावाला आपण तीस वर्षं वाकडं लावून दिलं, म्हणून तर घरोघर बूस्टरची पाळी आली, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत होतं. त्यांनी दोन्ही हात समोर धरून उलटेसुलटे करून पाहिले.

खाली आल्यावर त्यांनी शिंप्याला विचारलं, “तुझी एवढी सरळ कशी काय बसली रे?”

“कशी म्हणजे? मी बसवून घेतली म्हणून!” शिंपी म्हणाला. “विसरलात? सहा वर्षांपूर्वी. काकू तेव्हा मुलीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, म्हणून खालून मी ओरडत होतो. शिंप्याचा डोळा माझा, मला एक मुंगी चालली नाही. अजून, अजून, अजून करत पाऊण तास उन्हात ठेवलं तुम्हाला. उतरलात तेव्हा मला काय काय बोललात, ते या माशांसमोर सांगत नाही.”

काकांनी मग पायात चपला सरकवल्या आणि तरातरा घरी निघाले. गालावर एका बाजूला साबण वाळलेला, एका बाजूची दाढी तशीच. रस्त्यात दोघांना धडकले आणि त्यांच्या छपरांची चौकशीही केली नाही.

काकू मटार सोलत बसल्या होत्या.

“तुला मुंग्या दिसायच्या की नाही?” काकांनी दारातूनच विचारलं.

“कुठे? ओट्यावर?”

“टीव्हीत! मी वर असायचो तेव्हा. मुंग्या असायच्या की नसायच्या?”

काकूंनी हातातली शेंग खाली ठेवली. त्यांना काय ते समजलं. “असायच्या,” त्या म्हणाल्या.

“मग ‘आलं’ कशाला म्हणायचीस? सगळं गाव चार बोटं वाकडं लावून ठेवलंय आपण! शिंप्याच्या गच्चीवरून बघून आलोय मी. मला वाटलं माझा हात वाकडा. आणि ही बया खालून धडधडीत खोटं बोलत होती, सत्तावीस वर्षं!”

“अहो, हळू.”

“का हळू? शेजारी ऐकतील? ऐकू देत!”

“मटार सांडतायत,” काकू म्हणाल्या. काकांचा पाय परातीत होता.

काकांनी पाय काढला. काकूंनी सांडलेले दाणे एक-एक करून गोळा केले आणि मान वर न करता बोलायला लागल्या. “नर्सबाईंच्या छपरावरून घसरला होतात, आठवतंय?”

“त्याचं आता काय? पहिलं वर्ष होतं, सवय नव्हती. पन्हळीला धरलं, वर चढलो, हसत हसत उतरलो.”

“तुम्ही हसत उतरलात. मी खिडकीत होते. मला तुमचं हसू दिसलं नाही, मला तुमचे पाय दिसले. नुसते पाय, खिडकीसमोर, हवेत. चप्पल एकाच पायात.” काकूंचा आवाज कापायला लागला. “त्यानंतर मी कधी चित्र नीट बघितलंच नाही. तुमचं ‘आलं का’ ऐकू आलं की पुन्हा ते पायच डोळ्यांसमोर यायचे. जरा बरं दिसलं की मी म्हणायचे ‘आलं’. तुम्ही खाली यावं म्हणून. टीव्हीतल्या माणसाला एक नाक आहे का दोन, मला काय करायचंय? मला माझा माणूस जमिनीवर हवा होता.”

भांडायला आलेला माणूस, पण भांडणच हातातून निसटलं.

“मग मीटर आला तेव्हा तरी बोलायचंस,” काका कसंबसं म्हणाले.

“काय बोलणार? तुम्ही म्हणालात, आराम कर. कसला आराम हो? खाली उभी असायचे तेव्हा निदान एक शब्द तरी माझ्या हातात होता. तो म्हटला की तुम्ही उतरायचात. आता तुम्ही कुठल्या छपरावर आहात, कधी उतरणार, काही पत्ता नसतो. तीन वर्षं दुपारभर नुसती दाराकडे कान लावून बसते मी. तुमचा तो मीटर सांगतो का कधी तुम्हाला, ‘या खाली’ म्हणून?”

काका खाली बसले. परातीतली एक शेंग उचलली, सोलली, दाणे काकूंच्या वाटीत टाकले. दुसरी सोलली, तिचे मात्र स्वतःच खाऊन टाकले. मग म्हणाले, “उद्या शनिवार. नर्सबाईंकडे जायचंय. येतेस?”

“मी कशाला? मीटर आहे की.”

“बिघडलाय,” काका म्हणाले. मीटर अगदी ठणठणीत होता आणि पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता, हे त्यांना आता चांगलं ठाऊक होतं.

शनिवारी सकाळी काका नर्सबाईंच्या छपरावर चढले. पन्हळ तीच, फक्त आणखी गंजलेली. त्यांनी आधी दोन्ही बूस्टर काढून खिशात घातले. अँटेनाचा नट सैल केला, तिचं तोंड पार डावीकडे वळवलं, आणि मग जुन्या रिवाजाने उजवीकडे सरकवायला सुरुवात केली.

“आलं काऽऽ?”

तीन वर्षांनी ती आरोळी गल्लीत घुमली. समोरच्या दोन खिडक्या उघडल्या. कुणीतरी कुणाला तरी म्हणालं, “अगं, जोडी आलीय!”

“काळं!” खालून काकू.

एक बोट उजवीकडे. “आलं का?”

“चौकोन! बाईचं डोकं पोटात गेलंय!”

आणखी एक बोट. “आता?”

“अजून चौ... आलं! आलं! या खाली!”

काकांनी दांडीच्या रेषेत एक डोळा मिटून पाहिलं. मनोरा उजवीकडेच होता. चार बोटं राहिली होती, बरोब्बर चार. त्यांनी मीटर काढून बघितला. शुद्धतेची पट्टी पूर्ण भरलेली, जोराची मात्र अजून वाढायला जागा होती. हात सवयीने दांडीकडे गेला. आणखी जराशी सरकवली की तिकडे शिंपी तोंडात बोट घालील अशी सरळ बसली असती. हात जाग्याला आहे, गेलेला नाही, हे स्वतःला दाखवायची याहून चांगली संधी कुठे मिळणार होती?

“अहो, आलं म्हटलं ना!” खालून पुन्हा आवाज आला, आणि या वेळी त्यातला कंप काकांना नीट ऐकू आला. तो आधीही असणार. एवढी वर्षं ते फक्त शब्द ऐकत होते.

त्यांनी आहे तिथेच नट आवळला आणि दोन्ही हातांनी शिडी धरून, एकेक पायरी बघत खाली उतरले.

काकू खिडकीपाशी नव्हत्या. त्या टीव्हीसमोर उभ्या होत्या, नाक पडद्याला लागेल इतक्या जवळ, आणि कोपरे तपासत होत्या. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंच्या कपाळावरचा घाम दिसत होता. नर्सबाईंनी रिमोट दाबला, एक, दोन, तीन, चौथ्या नव्या वाहिनीवर मासे. कुठे चौकोन नाही, कुठे काही नाही. मनोऱ्याची ताकद दुप्पट झाली होती, बूस्टर गेला होता, आणि डिजिटलमध्ये बरं चित्र असा प्रकारच नसतो. आलं म्हणजे पूर्णच येतं. चार बोटं कमी असली तरी.

“अहो,” काकू वळून म्हणाल्या, डोळे हे एवढे मोठे झालेले, “हे खरंच आलंय!”

नर्सबाई फोन लावत होत्या. “हॅलो, छत्रीवाले का? उद्या येऊ नका. नाही, गल्लीत कुणाकडेच नका येऊ, मी सांगते त्यांना. तीन नंबरच्या घरापासून पुढे सगळे दारात उभे आहेत आलंकाकांची वाट बघत.” मग फोनवर हात ठेवून त्यांनी काकांना विचारलं, “सगळी घरं आजच होतील ना?”

काकांनी काकूंकडे पाहिलं.

“हिला विचारा,” ते म्हणाले. “ही म्हणेल तेव्हाच मी उतरणार.”

काकूंनी डोळ्यांना पदर लावला, मग त्याच पदराने आजच्या घाईच्या दाढीत काकांच्या गालावर राहिलेला साबणाचा डाग पुसला, आणि तीन नंबरच्या घरात जाऊन खिडकी उघडली.